नव्या परिचारिकेला पाठराखीण हवी

परिचर्येचा अभ्यासक्रम पूर्ण झाला, परीक्षेचा निकाल लागला, राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाली आणि नेमणुकीचा आदेश हाती पडला, म्हणजे परिचारिका तयार झाली असा सर्वसाधारण समज आहे. कार्यालयीन दृष्टीने तो चुकीचाही नाही. कारण रिक्त पदांच्या तक्त्यातील एक रकाना त्या दिवशी भरलेला असतो. रुग्णालयाच्या कक्षात मात्र परिस्थिती निराळी असते. कालपर्यंत पाठ्यनिर्देशिकेच्या नजरेखाली तीन-चार रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या मुलीच्या हाती आज तीस खाटांच्या कक्षातील औषधाच्या कपाटाची किल्ली येते. कोणाचे सलाईन संपत आले आहे, कोणाला थंडी वाजून ताप चढला आहे, कोणाचे नातेवाईक डॉक्टरांना बोलवा म्हणून खोळंबले आहेत. या सर्वांत आधी कोणाकडे जायचे हे तिलाच आणि तत्काळ ठरवावे लागते. चुकले तर जबाबदारी तिची. विचारावे म्हटले तर रात्रपाळीला विचारणार कोणाला?

नोकरीचे पहिले वर्ष हा परिचारिकेच्या आयुष्यातील सर्वांत नाजूक काळ होय. याच काळात तिच्या हातून मोठ्या चुका होण्याचा संभव असतो आणि नोकरी सोडण्याचे विचारही याच काळात बळावतात. आपल्याकडे नव्या नवरीबरोबर सासरी पाठराखीण धाडण्याची रीत होती. नवख्या घरात पाण्याचा माठ कोठे आहे, कोणाला काय विचारावे आणि कोणाला विचारू नये, हे त्या मुलीला कळेपर्यंत तिच्याजवळ एक जाणते माणूस असावे, हा त्यामागील हेतू होता. नव्या परिचारिकेलाही अशा पाठराखणीची गरज असते. फरक इतकाच की येथे पाठराखीण माहेरची असून भागत नाही. ती सासरचीच, म्हणजे त्याच रुग्णालयातील असावी लागते. ही सोय कशी करावी आणि तीत अधिकारी, पंचायत सदस्य व शिक्षक यांचा वाटा काय, याचा विचार येथे केला आहे.

वास्तवाचा धक्का

परिचर्येचा व्यवसाय पत्करलेल्या तरुणी तो लवकरच का सोडतात, या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेतील मार्लिन क्रेमर यांनी केला आणि १९७४ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. या अनुभवाला त्यांनी ‘वास्तवाचा धक्का’ असे नाव दिले. त्यांच्या मते नवी परिचारिका काही अवस्थांतून जाते. प्रथम नव्याची नवलाई असते. गणवेश, पगार, स्वतःची सही यांचे अप्रूप वाटते. नव्याचे नऊ दिवस सरले की धक्का बसतो. विद्यालयात तिला रुग्णाकडे संपूर्ण माणूस म्हणून पाहण्यास, त्याच्याशी दोन शब्द बोलण्यास व प्रत्येक कृती शास्त्रशुद्ध करण्यास शिकविलेले असते. कामाच्या ठिकाणी मात्र किती इंजेक्शने दिली, किती नोंदी पूर्ण केल्या आणि पाळी वेळेवर सोपविली की नाही, यावरून तिची परीक्षा होते. दोन्ही मागण्या आपापल्या जागी रास्त आहेत; पण त्यांचा मेळ कसा घालावा हे तिला कोणी शिकविलेले नसते. त्यातून आपण निकामी आहोत किंवा हे रुग्णालय तरी निकामी आहे, असा ग्रह होतो. योग्य आधार मिळाला तर ती सावरते आणि पुढे तिला समतोल सापडतो. आधार न मिळाल्यास ती नोकरी सोडते, किंवा नोकरीत राहूनही मनाने काम सोडून देते. यांपैकी दुसरा प्रकार अधिक घातक म्हटला पाहिजे. कारण तो कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

नजर तयार व्हावी लागते

पॅट्रिशिया बेनर या अमेरिकी परिचर्यातज्ज्ञ विदुषींनी १९८४ मध्ये परिचारिकेच्या कौशल्यवाढीच्या पाच पायऱ्या सांगितल्या : नवशिकी, प्रगत नवशिकी, सक्षम, निष्णात आणि तज्ज्ञ. नुकतीच उत्तीर्ण झालेली परिचारिका यांपैकी दुसऱ्या पायरीवर असते. त्याच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षे घालविल्यावर ती सक्षम होते, असे बेनर यांचे प्रतिपादन आहे. दुसऱ्या पायरीवरील परिचारिकेला नियम ठाऊक असतात, पण समोरच्या दहा गोष्टींत आज, या क्षणी महत्त्वाची कोणती, हे तिला उमगत नाही. सर्वच गोष्टी तिला सारख्या वजनाच्या वाटतात. हा बुद्धीचा दोष नसून अनुभवाचा अभाव आहे.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. प्रसूतीनंतर स्त्रीच्या अंगावरून ५०० मिलिलिटरहून अधिक रक्त गेले, तर तो धोक्याचा रक्तस्राव समजला जातो. अशा वेळी रक्तदाब काही काळ जवळजवळ पूर्ववत राहू शकतो. नाडी मात्र आधीच वाढू लागते. नवी परिचारिका रक्तदाब मोजते, तो ठीक आहे अशी नोंद करते आणि पुढील खाटेकडे वळते. तिने पुस्तकातील कोणताही नियम मोडलेला नसतो. अनुभवी परिचारिका मात्र त्या बाईच्या चेहऱ्यावरची फिकट कळा पाहून थबकते. ती नाडीवर बोट ठेवते, पोटावरून गर्भाशय घट्ट झाले आहे की सैल पडले आहे हे चाचपते आणि अंगाखालचे कापड पाहते. दोघींचे शिक्षण एकच असते. अंतर नजरेचे असते. ही नजर व्याख्यानाने येत नाही, परिपत्रकाने तर नाहीच. पाहणाऱ्याच्या शेजारी उभे राहून, तो काय पाहतो हे पाहूनच ती येते. नव्या परिचारिकेजवळ जाणती परिचारिका असणे हा केवळ तिच्या मानसिक समाधानाचा प्रश्न नाही. त्या खाटेवरील बाळंतिणीच्या प्राणाशी त्याचा संबंध आहे.

एक जागा रिकामी होते तेव्हा

स्वातंत्र्यापूर्वी, १९४६ मध्ये सादर झालेल्या भोर समितीच्या अहवालानुसार त्या वेळच्या हिंदुस्थानात सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. त्यानंतर परिचर्या विद्यालये व महाविद्यालये वाढली आणि दरवर्षी उत्तीर्ण होणाऱ्यांची संख्याही मोठी झाली. साहाय्यकारी परिचारिका-प्रसाविकांचा दोन वर्षांचा, सर्वसाधारण परिचर्या व प्रसविका पदविकेचा तीन वर्षांचा आणि पदवीचा चार वर्षांचा, असे निरनिराळे अभ्यासक्रम आज उपलब्ध आहेत. तरीही परिचारिकांची उणीव जगभर भासते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका होत्या आणि तुटवडा ५८ लाखांचा होता. तेव्हा नव्या परिचारिका घडविण्याइतकेच घडलेल्या टिकविणेही महत्त्वाचे आहे. गळक्या रांजणात कितीही पाणी ओतले तरी तो भरत नाही.

एक परिचारिका निघून गेली की तिचे रुग्ण उरलेल्या परिचारिकांत वाटले जातात. याचे परिणाम काय होतात, हे लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या १६८ रुग्णालयांतील माहितीवरून २००२ मध्ये दाखवून दिले. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. त्याचबरोबर परिचारिका कामाने पार थकून जाण्याची शक्यताही २३ टक्क्यांनी वाढते. थकलेली परिचारिका नोकरी सोडते, तिचे रुग्ण पुन्हा इतरांवर पडतात आणि हे चक्र फिरत राहते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे व इतर सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका अपेक्षित होती. प्रत्यक्षातील कक्ष ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यातील अंतर निराळे सांगावयास नको.

टंचाईच्या काळातही काही रुग्णालयांत परिचारिका टिकून कशा राहतात, याचाही शोध घेतला गेला आहे. अमेरिकेत १९८३ मध्ये परिचर्या अकादमीने पाहणीसाठी आलेल्या १६३ रुग्णालयांतून अशी ४१ रुग्णालये निवडली आणि त्यांना लोहचुंबकाची उपमा दिली. तेथे पुरेसे मनुष्यबळ होते, अधिसेविका परिचारिकांना सहज भेटत होत्या, पाळ्या लावताना त्यांच्या अडचणींचा विचार होत होता आणि रुग्णसेवेविषयीच्या निर्णयांत त्यांच्या मताला किंमत होती. नव्या परिचारिकांना कामात रुळविण्याची व्यवस्था तेथे होती आणि पुढे शिकण्याची सोयही होती. यांतील मनुष्यबळाची बाब खर्चाची आहे. इतर बऱ्याच गोष्टी पैशापेक्षा वागणुकीच्या आणि नियोजनाच्या आहेत.

पाठराखीण कोणी व्हावे

नव्या परिचारिकेच्या पहिल्या वर्षाची रीतसर व्यवस्था काही देशांनी केली आहे. अमेरिकेत २००२ पासून नवपदवीधर परिचारिकांसाठी वर्षभराच्या निवासी प्रशिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. स्कॉटलंडमध्ये २००६ पासून पहिल्या वर्षासाठी खास कार्यक्रम आखण्यात आला. आपल्या देशातही असे प्रयत्न झाले आहेत. उत्तर कर्नाटकातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत २०१२-१३ च्या सुमारास अनुभवी परिचारिकांना मार्गदर्शक म्हणून पाठविण्यात आले. वर्गात बसवून व्याख्याने देण्याऐवजी त्यांनी केंद्रावर जाऊन, तेथीलच टेबलावर आणि तेथीलच साधनांनिशी परिचारिकांना शिकविले. ज्या केंद्रांना अशा भेटी मिळाल्या, तेथील परिचारिकांची प्रसूतिसमयीच्या गुंतागुंतीला तोंड देण्याची तयारी इतर केंद्रांच्या तुलनेने अधिक चांगली आढळली.

जिल्हा रुग्णालय असो, उपजिल्हा रुग्णालय असो वा ग्रामीण रुग्णालय असो, रुजू होणाऱ्या प्रत्येक परिचारिकेसाठी एक मार्गदर्शक परिचारिका नावानिशी नेमता येईल. “सर्वांनी तिला सांभाळून घ्यावे” असा आदेश म्हणजे कोणीही सांभाळू नये असाच त्याचा अर्थ होतो. मार्गदर्शकाची निवड केवळ सेवाज्येष्ठतेने करू नये. जिला काम उत्तम येते आणि जी शांतपणे दुसऱ्यास दाखवू शकते, तिची निवड करावी. तिच्याकडे एका वेळी एक, फार तर दोन नव्या परिचारिका सोपवाव्यात. या कामाच्या मोबदल्यात तिच्याकडील नोंदवह्यांचा काही भार कमी करावा आणि तिच्या सेवेची नोंद गोपनीय अहवालात घ्यावी. आणखी एक दक्षता आवश्यक आहे. नव्या परिचारिकेचा गोपनीय अहवाल जी अधिकारी लिहिते, तिलाच मार्गदर्शक नेमू नये. जिच्या हाती आपला अहवाल आहे, तिच्यापाशी “मला हे येत नाही” असे कबूल करण्यास कोणीही कचरते.

पहिले दोन आठवडे नव्या परिचारिकेची गणना पाळीच्या संख्येत करू नये. आधीच मनुष्यबळ अपुरे असताना हे कसे परवडावे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो रास्त आहे. पण हिशेब पुरता मांडावयास हवा. ती सहा महिन्यांत निघून गेली तर पुढील भरती होईपर्यंत जागा रिकामी राहते आणि तोवरचा सगळा भार त्याच कक्षावर पडतो. दोन आठवड्यांची तडजोड त्यापुढे किरकोळ आहे. या काळात तिला मोठे ग्रंथज्ञान देण्याची गरज नाही. आपत्कालीन औषधांचा ट्रे कोठे आहे, ऑक्सिजन सिलिंडरची चावी कोणत्या खिळ्याला अडकविलेली असते, शोषण यंत्र कसे सुरू करायचे, रक्तपेढीचा दूरध्वनी क्रमांक काय, रात्री कोणत्या डॉक्टरांना आणि ते न आल्यास कोणाला बोलवायचे, हे तिने प्रत्यक्ष करून पाहिलेले असावे. इन्सुलिन, पोटॅशियम क्लोराइड यांसारखी, मात्रा चुकल्यास प्राणावर बेतणारी औषधे दोघींनी पडताळल्याखेरीज देऊ नयेत, ही सवय याच काळात लागते.

पाळ्या लावतानाही थोडा विचार हवा. निदान पहिले तीन महिने तिला एकाच कक्षात ठेवावे. आज शस्त्रक्रिया कक्ष, उद्या बालरुग्ण कक्ष अशी उचलबांगडी केल्यास तिला कोठलेच काम पुरते येत नाही. सुरुवातीच्या काळात रात्रपाळीला तिला एकटी ठेवू नये आणि शक्य तेथे मार्गदर्शक परिचारिका व ती यांच्या पाळ्या जुळवाव्यात. महिन्यातून एकदा दोघींनी अर्धा तास स्वस्थ बसावे. काय जमू लागले, कशाची भीती वाटते, पुढील महिन्यात काय शिकायचे, एवढेच बोलावे आणि एका वहीत दोन-चार ओळी टिपून ठेवाव्यात. यापेक्षा मोठ्या कागदपत्रांची आवश्यकता नाही.

विचारण्याची मुभा

नव्या परिचारिकेला कामाच्या भारापेक्षाही अधिक भय वाटते ते बोलणी खाण्याचे. “इतकेसुद्धा शिकविले नाही का?” हा प्रश्न चारचौघांत, रुग्णांसमोर विचारला गेला की पुढच्या वेळी ती शंका गिळून टाकते. अशी गिळलेली शंका पुढे रुग्णाला भोवते आणि कित्येकदा तिला स्वतःलाही भोवते. इंजेक्शनची वापरलेली सुई बोटात घुसणे हा अपघात नवख्या हातांकडून सहज घडतो. एच. आय. व्ही. चा संभव असल्यास प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. ओरडा बसेल या भीतीने तिने ही गोष्ट तीन दिवस लपविली तर ती वेळ निघून जाते. कावीळ ब ची लस तिने घेतली आहे की नाही, हे रुजू होण्याच्या दिवशीच पाहिले पाहिजे. आणि असा अपघात कळविणाऱ्या परिचारिकेस प्रथम औषध मिळाले पाहिजे, जाबजबाब नंतर.

डॉक्टरांना रात्री उठवून माहिती देण्याचेही नवीन परिचारिकांना दडपण असते. अडखळत, अर्धवट सांगितले की डॉक्टर चिडतात. चिडले की ती पुन्हा बोलवीत नाही. यावर एक सोपी रीत आहे. अमेरिकी नौदलातील पाणबुड्यांवर वापरली जाणारी ही रीत पुढे रुग्णालयांनी स्वीकारली. सांगावयाची गोष्ट चार भागांत मांडायची : सध्याची स्थिती, पार्श्वभूमी, आपला अंदाज आणि विनंती. उदाहरणार्थ : “खाट क्रमांक १२ वरील बाळंतिणीची नाडी ९० वरून १२० झाली आहे. पहिलीच खेप असून प्रसूतीला दोन तास झाले आहेत. रक्तस्राव वाढला असावा असे वाटते. आपण ताबडतोब यावे. तोवर मी काय सुरू करू?” एवढे सांगण्यास अर्धा मिनिट पुरतो. ही चार वाक्ये दूरध्वनीजवळ भिंतीवर लावून ठेवण्यास कसलाही खर्च नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ती ऐकून घेण्याची सवय मात्र स्वतःला लावून घेतली पाहिजे.

उपकेंद्रावरील एकटेपणा

रुग्णालयात निदान शेजारच्या कक्षात कोणीतरी असते. उपकेंद्रावर रुजू होणारी नवी आरोग्यसेविका त्यामानाने अगदी एकटी असते. सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. मेळघाटात कोरकू, धडगाव-अक्कलकुव्याकडे भिली व पावरी, भामरागडात माडिया बोलली जाते. दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या मुलीला मराठी उत्तम येत असूनही पहिल्याच गृहभेटीत मुकी होऊन बसावे लागते. सहा उपकेंद्रांमागे एक आरोग्य सहाय्यिका असते. तिने नव्या सेविकेची खरी पाठराखीण व्हावे अशी अपेक्षा आहे. पण तिची भेट म्हणजे नोंदवह्यांची तपासणी आणि उद्दिष्टांची विचारणा, एवढेच स्वरूप राहिले तर ही अपेक्षा पुरी होत नाही. पहिल्या तीन महिन्यांत तिने नव्या सेविकेबरोबर लसीकरणाच्या सत्रास पूर्ण वेळ थांबावे, दोन-चार गृहभेटी तिच्याबरोबर कराव्यात आणि आशा स्वयंसेविका व अंगणवाडी सेविका यांच्याशी तिची नीट ओळख करून द्यावी. वह्या त्यानंतर पाहाव्यात.

सुरक्षितता आणि वेतन

तरुण मुलीला नोकरीच्या जागी सुरक्षित वाटत नसेल तर तिला टिकविण्याच्या बाकी सर्व उपायांना अर्थ राहत नाही. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तरुण परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयाच्या आवारातच भीषण हल्ला झाला. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंतची सुमारे ४२ वर्षे तेथील परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. त्या परिचारिकांच्या सेवाभावाबद्दल महाराष्ट्राला आदर वाटतो, आणि तो वाटावयासच हवा. पण आदरापाठोपाठ कर्तव्यही येते. कपडे बदलण्याची खोली कोठे आहे, तेथून कक्षापर्यंतच्या वाटेवर दिवे आहेत की नाहीत, दाराला आतून कडी लागते की नाही, रात्रपाळी संपवून ती घरी कशी जाते, हे प्रत्येक रुग्णालयप्रमुखाने स्वतः चालून पाहण्यासारखे आहे. वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसाचाराविरुद्ध महाराष्ट्राने २०१० मध्ये कायदा केला असून त्याखालील गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा २०१३ चा आहे; त्यानुसार दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. या समितीवर कोण आहे हे नव्या परिचारिकेला पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे.

पाठराखीण दिली म्हणजे वेतनाचा प्रश्न मिटतो, असे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील निर्देशानुसार नेमलेल्या समितीने खाजगी रुग्णालयांसंबंधी शिफारशी केल्या. त्यांनुसार ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेस दरमहा किमान २०,००० रुपये मिळावयास हवेत. कंत्राटी परिचारिकेचे वेतन दोन-दोन महिने रखडले तर मार्गदर्शकाचे गोड शब्द तिला फार काळ धरून ठेवू शकणार नाहीत. परदेशांतही भारतीय परिचारिकांना मागणी आहे आणि चांगल्या संधीसाठी जाणाऱ्यांना दोष देता येणार नाही. मात्र ज्यांना येथेच राहावयाचे आहे, त्यांना पहिल्या वर्षीच्या एकटेपणामुळे जावे लागू नये, एवढे करणे आपल्या हातचे आहे.

पंचायत आणि शाळा

ग्रामपंचायतीच्या सदस्यांना या कामी पुष्कळ करता येण्यासारखे आहे. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीत त्यांना स्थान असते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीतही लोकप्रतिनिधी असतात. नवी आरोग्यसेविका येणार असे समजताच तिच्या निवासस्थानाची पाहणी करावी. छप्पर गळते का, नळाला पाणी येते का, शौचालय वापरण्याजोगे आहे का, अंगणात दिवा आहे का, एवढे पाहून ती येण्यापूर्वीच दुरुस्ती करून घ्यावी. ती आल्यावर ग्रामसभेत तिची ओळख करून द्यावी. रात्री-अपरात्री बाळंतपणासाठी तिला बोलवावयाचे झाल्यास घरातील एखादी स्त्री बरोबर न्यावी आणि काम झाल्यावर तिला घरापर्यंत पोहोचवावे, असा दंडक गावाने घालून घ्यावा. एखादे मूल दगावले, एखादी लस संपली, की “नर्सबाईंची चूक” असे म्हणणे सोपे असते. आधी चौकशी, मग बोलणे, ही शिस्त सरपंचांनी पाळली तर गाव पाळते.

शिक्षकांचा वाटाही लहान नाही. परगावाहून गावात आलेला शिक्षक आपल्या पहिल्या वर्षाचे एकटेपण विसरलेला नसतो. नव्या आरोग्यसेविकेस गावची बोली, वस्त्यांची नावे, घराघरांतील वितुष्टे, लग्नसराईचा व स्थलांतराचा हंगाम यांची माहिती त्याच्याइतकी चांगली कोण देईल? पोट कोठे दुखते, किती दिवसांपासून, पाळी कधी आली, मूल दूध पिते का, अशा पन्नासेक प्रश्नांची स्थानिक बोलीतील यादी शाळेतील वरच्या वर्गाच्या मुलींकडून करून घेता येईल. जंतनाशकाच्या गोळ्या देण्याचा दिवस किंवा लोहाच्या गोळ्यांचे वाटप शाळा व उपकेंद्र यांना एकत्रच करावे लागते. त्या दिवशी मुलांसमोर तिला मानाने बोलाविले, तर दुसऱ्या दिवशी मुलांच्या घरची दारे तिला उघडी असतात. परिचर्येचा व्यवसाय कष्टाचा तसाच प्रतिष्ठेचा आहे, हेही मुलामुलींना याच रीतीने कळते.

हिशेब ठेवावा

परिचारिकांच्या सेवास्थितीचा विचार यापूर्वी वेळोवेळी झाला आहे. १९८७ मध्ये केंद्र शासनाने सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखाली परिचर्या व्यवसायासंबंधी उच्चाधिकार समिती नेमली होती. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत केला. धोरणे वरून येतात. परंतु नवी परिचारिका टिकते की जाते, हे शेवटी तिच्या कक्षात आणि तिच्या उपकेंद्रावरच ठरते.

म्हणून प्रत्येक जिल्ह्याला एक साधी नोंद ठेवता येईल. या वर्षी किती परिचारिका रुजू झाल्या, बारा महिन्यांनी त्यांपैकी किती राहिल्या आणि ज्या गेल्या त्या कशामुळे गेल्या? जाणाऱ्या प्रत्येक परिचारिकेस तिच्या वरिष्ठाऐवजी अन्य एखाद्या अधिकाऱ्याने हा प्रश्न आपुलकीने विचारावा आणि तिचे उत्तर तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे. रिक्त पदांच्या तक्त्यातून जागा किती रिकाम्या आहेत एवढेच कळते. त्या का रिकाम्या झाल्या हे या वहीतून कळेल. ती वही दर सहा महिन्यांनी जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक आणि अधिसेविका यांनी एकत्र बसून वाचली, तर पुढच्या तुकडीतील मुलींसाठी नेमके काय करावयाचे, हे त्यांना निराळे कोणी सांगण्याची गरज उरणार नाही.